न्हाणी घरात घ्यावी की परड्यातच ठेवावी?

पत्र :

ताई, बेळगावात शहापूरला आमचं जुनं घर आहे. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि मागच्या दारी परडं. भिंती मातीच्या, दीड हात रुंद, खाली दगडी जोतं, वर कौलं. न्हाणी परड्याच्या टोकाला आहे आणि संडास तिला लागूनच. गेल्या आषाढात सासूबाई पहाटे न्हाणीकडे जाताना पायरीवर घसरल्या, मनगट मोडलं. वय 78. मिस्टर नोकरीला पुण्यात, महिन्यातून एकदा येतात. ठेकेदाराला दाखवलं तर तो म्हणतो, माजघराच्या कोपऱ्यात अटॅच्ड बाथरूम काढू, भिंतींना वरपर्यंत टाइल्स लावू, पंधरा दिवसांत काम हातात देतो. सासूबाईंना ते अजिबात पसंत नाही. ‘न्हाणी घरात आणू नका, घर जाईल,’ एवढंच म्हणतात. दीर म्हणतात, या जुन्या समजुती. त्यात तांब्याचा हंडा मोडीत घालायचा विषय निघाला आणि तेव्हापासून त्या माझ्याशी नीट बोलतही नाहीत. मी काय करू? आणि टाइल्स कुठल्या रंगाच्या घ्याव्यात?

— शहापूरची एक सून

उत्तर :

ताई, सासूबाईंचं खरं आहे. न्हाणी माजघरात आणू नका.

त्यांच्या बोलण्यात सोवळं-ओवळं असेलही, पण ‘घर जाईल’ हे त्या उगाच म्हणत नाहीत. मातीची भिंत कोरडी आहे तोवर शंभर वर्षं वजन पेलते. तीच भिंत आतून भिजली की तिचा जोर जातो. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसा-पुरात आपल्या जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली. त्यातली मातीची घरं ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दगडी जोत्यावर भिंत उचलली, कौलांच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढा छपराचा पाखा बाहेर काढला आणि न्हाणी मागे परड्यात, स्वतःच्या वेगळ्या भिंतींत ठेवली. सगळ्या घराची रचनाच पाणी भिंतीपासून दूर ठेवायची आहे. रोज शे-दोनशे लिटर पाणी त्याच घराच्या पोटात आणून ओतायचं, आणि तेही मातीच्या भिंती असलेल्या कोपऱ्यात, याला मी होकार देणार नाही.

‘पण टाइल्स असतात ना, वॉटरप्रूफिंग करतात ना,’ असं ठेकेदार म्हणेल. आमच्या खानापूरच्या घरी हेच झालं, म्हणून जीव तोडून सांगते. वडिलांनी हौसेने जुन्या खोलीत बाथरूम करून घेतलं. मातीच्या भिंतीवर जाळी ठोकली, त्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर पांढऱ्या टाइल्स. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात पलीकडच्या खोलीत, कपाटाच्या मागे, भिंतीला लोणा लागला. हात फिरवला की पिठासारखी माती खाली. नळाजवळच्या टाइल्सवर बोटाच्या पेराने टकटक केलं तर टणटण वाजायच्या ऐवजी बद्द वाजायच्या. तिसऱ्या वर्षी एका रात्री मोठा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर कमरेपासून वरचा सगळा गिलावा टाइल्ससकट एकाच तुकड्यात खाली आला होता. तो उलटा करून पाहिला, मागे चार बोटं जाड ओली माती चिकटलेली, भिंतीची. भिंतीत पोकळी पडली होती आणि त्यातून पाइपचा सांधा थेंब थेंब गळत होता, किती दिवस कोण जाणे. सिमेंटने आणि टाइल्सनी ते पाणी बाहेर दिसू दिलं नव्हतं, एवढंच. मातीची किंवा चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट आणि टाइल्सचं कातडं चढवलं की घेतलेली ओल सोडायला जागा राहत नाही. मग ती वर चढते नाहीतर पलीकडे फुटते.

शिवाय गीझर. पंधरा लिटरचा गीझर पाणी भरल्यावर सहज पंचवीस किलोच्या घरात जातो. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. सासूबाईंसाठी लावायचा धरायचा दांडाही धरणार नाही, आणि माणूस तोल गेल्यावरच तो दांडा पकडतो. हा एकच मुद्दा दिरांना सांगितलात तरी पुरे.

आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुमची काळजीही तितकीच खरी आहे. 78 वर्षांच्या बाईने पावसात, अंधारात, शेवाळलेल्या फरशीवरून परड्याच्या टोकाला जायचं, हे यापुढे चालणार नाही. सासूबाई घराची काळजी करतायत, तुम्ही त्यांची. दोन्ही साधतं. न्हाणी परड्यातच राहू द्या, फक्त ती मागच्या दाराजवळ ओढून घ्या आणि दारापासून तिथपर्यंत छपराखालची सपाट वाट करा.

म्हणजे असं. मागच्या भिंतीपासून साडेतीन-चार फूट जागा सोडून न्हाणी आणि संडास मिळून एकच नवी खोली बांधा, साधारण पाच फूट बाय आठ फूट. तिचा पाया वेगळा, चारी भिंती तिच्या स्वतःच्या, भरीव सिमेंट ब्लॉकच्या किंवा भाजक्या विटांच्या. घराच्या भिंतीला तिने कुठेही टेकायचं नाही. मधल्या चार फुटांवर पडवी काढा, तीच जायची वाट. पडवीची फरशी स्वयंपाकघराच्या फरशीच्या जेमतेम इंचभर खाली ठेवा, म्हणजे मागच्या दारची पायरी जाईल. मात्र भर घालताना माती दगडी जोत्याच्या वर, मातीच्या भिंतीला चढू देऊ नका, आणि पडवीचा ढाळ घरापासून बाहेरच्या बाजूला द्या. एका बाजूला मनगटाच्या उंचीवर लोखंडी पाइपचा कठडा, तोही सासूबाईंना उभं करून, त्यांचं मनगट मोजून. पडवीचं छप्पर कौलांचं असो वा पत्र्याचं, त्याला पन्हळ हवीच.

नव्या खोलीवर स्लॅब टाकलात तर पाण्याची टाकीही तिथेच बसेल. 500 लिटरची टाकी म्हणजे 500 किलो वजन. ती, किंवा सोलर, जुन्या वाशांवर ठेवायची कल्पना कुणी काढली तर तिथल्या तिथे थांबवा.

खोली उभी राहिली की खरं काम सुरू होतं, आणि लोकांची घाईही तिथेच सुरू होते. टाइल्सच्या दुकानात चार चकरा मारतात आणि फरशीखालच्या कामाला चार तासही देत नाहीत. क्रम असा ठेवा की आधी पाणी कुठून बाहेर जाणार ते ठरेल. मोरीचं तोंड, म्हणजे नहाणी ट्रॅप, दारापासून लांबच्या कोपऱ्यात घ्या. (हा शब्द आपल्याच न्हाणीतून इंजिनिअरांच्या पुस्तकात गेलेला आहे. तुमचा गवंडी कन्नड बोलणारा असला तर तो खोलीला ‘बच्चल’ म्हणेल, पण ट्रॅपला नहाणी ट्रॅपच म्हणेल.) त्या ट्रॅपमध्ये निदान 50 मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. तेच पाणी गटारातला वास आणि झुरळं अडवतं. उथळ, स्वस्त ट्रॅप बसवला की उन्हाळ्यात पाणी आटतं आणि वास सुरू होतो. न्हाणीचं पाणी न्यायला 75 मिलिमीटरचा पाइप आणि संडासाला 110 चा. शहरात ड्रेनेजची लाइन असेल तर तिला जोडण्याआधी मधे चेंबर घ्या, म्हणजे तुंबलं तर फरशी फोडावी लागणार नाही. पूर्वी न्हाणीचं पाणी परड्यातल्या केळीला आणि अळवाला जायचं. तसंच न्यायचं असेल तर खुशाल न्या, पण फक्त आंघोळीचं, संडासाचं नव्हे.

परड्यात आड आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत बहुतेक असतो, म्हणून विचारते. ड्रेनेज नसेल आणि शोषखड्डा करायची वेळ आली, तर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून तो निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट तरी लांब हवा. तेवढं परडं आपल्या गल्ल्यांत क्वचितच असतं, आणि शेजाऱ्याचा आडही मोजायला हवा. अशा वेळी ड्रेनेजची जोडणी मिळवण्यासाठी थांबावं लागलं तरी थांबा.

न्हाणीच्या फरशीचा मोरीकडे ढाळ सहा फुटांत एक इंच. गवंडी ‘होतंय की’ म्हणेल. टाइल्स लावायच्या आधी कोब्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा, ते कुठेही न थांबता मोरीकडे पळालं पाहिजे. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवायचा नाही, सिमेंटचा गोल वाटा मारून घ्यायचा. न्हाणी गळायची सुरुवात बहुतेक त्या सांध्यातून आणि ट्रॅपच्या गळ्यापासून होते. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा, भिंतीवर फूटभर, आणि जिथे अंगावर पाणी घेतात तिथे डोक्याच्या वरपर्यंत.

मग परीक्षा. ट्रॅपचं तोंड कापड-पिशवीने घट्ट बंद करा, दाराशी विटेचा बांध घाला आणि फरशीवर दोन इंच पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारा. शेजारी एका बादलीत पाणी भरून ठेवा आणि तिच्यातही आतून रेघ मारा. दोन दिवस, पुरते 48 तास, हात लावू नका. तिसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढंच फरशीवरचं उतरलं असेल तर ते वाऱ्याने-उन्हाने उडालं. जास्त उतरलं असेल तर मुरलं. ही बादली ठेवायला ठेकेदार सांगत नाही, तुम्हीच ठेवा. मी प्रत्येक कामाला ठेवते, आणि एका घरी या बादलीनेच ट्रॅपभोवतीची भेग पकडून दिली होती. टाइल्स बसल्यावर ती सापडायला सगळं उखडावं लागलं असतं.

भिंतीतले पाइपही बंद करण्याआधी पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळतंय. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवा. पुढे दांडा किंवा आरसा ठोकताना कुठे खिळा मारायचा नाही, ते कळेल.

हे सगळं पंधरा दिवसांत होत नाही. गिलाव्याला आठवडाभर पाणी मारायचं, वॉटरप्रूफिंग सुकू द्यायचं, पाण्याची परीक्षा, मग टाइल्स, मग सांधे भरणं. पायापासून धरलं तर दीड ते दोन महिने. संक्रांतीनंतर पाया घ्या, वळीव सुरू व्हायच्या आत स्लॅब टाका आणि मृगाच्या आधी सगळं आटपा. पैशांचा शेवटचा हप्ता पाण्याची परीक्षा पास झाल्यावरच द्यायचा, हे पहिल्या दिवशी, कागदावर. मिस्टर पुण्यात आणि तुम्ही एकट्या, म्हणून हे विशेष सांगते. परीक्षेच्या दिवशी मात्र त्यांना रजा काढून यायला लावा.

आणखी एक. परड्याच्या एका अंगाला शेजाऱ्यांची सामाईक भिंत असेल तर खणायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन सांगून या, आणि त्या भिंतीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. तिथून पुढची कितीतरी भांडणं वाचतात.

विजेचं थोडक्यात, पण इथे जराही सूट नाही. दोन हजार वॅटचा गीझर नऊ अँपिअर ओढतो. जुन्या घरातली वायर ते पेलत नाही आणि बहुतेक ठिकाणी अर्थिंगच नसतं. नव्या न्हाणीला मीटरपासून स्वतंत्र वायर, नवं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या. बटणं न्हाणीच्या बाहेर, पडवीत. गॅसचा गीझर स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवला तर बंद न्हाणीत तो लावू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि माणूस न्हाणीतच कोसळतो.

आता सासूबाई. त्यांच्यासाठी जे करायचं ते त्यांना विचारूनच करा. मनगट मोडल्यावर हाताची पकड पूर्वीसारखी राहत नाही, म्हणून गोल फिरवायच्या नळाऐवजी पट्टीचा, कोपराने ढकलता येईल असा नळ. दार तीन फूट रुंद आणि बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडलं तर बाहेरून दार ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही काढता येईल अशी. उंबरा नको, दाराशी अर्ध्या इंचाची कड पुरे. पाटावर बसून आंघोळ करायची सवय असेल तर पाट एकदम काढून घेऊ नका, त्याच्या जागी गुडघ्याएवढ्या उंचीचं, पाठ असलेलं जड स्टूल आणा आणि आठ दिवस दोन्ही ठेवा. कमोडची बैठक अठरा इंच उंच आणि उजव्या-डाव्या, दोन्ही हातांना दांडे. रात्रभर जळणारा छोटा दिवा पडवीत एक आणि आत एक. काम संपेपर्यंत रात्रीपुरती कमोड-खुर्ची त्यांच्या खाटेजवळ ठेवा. सुरुवातीला नको म्हणतील. तुम्ही स्वतः ती रिकामी करता हे दोन दिवस पाहिलं की संकोच जाईल.

हंडा मोडीत घालू नका. तुम्ही सासुरवाशीण आहात, त्या घरात त्यांची चाळीस-पन्नास दिवाळ्यांची पहाट त्या हंड्यापाशी गेली आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी हंडा घासायचा, त्याला कारिटाचा वेल गुंडाळायचा, रांगोळी काढायची, पाणी भरायचं. आपले कन्नड शेजारी तर त्या दिवसाला पाणी भरायचा सणच म्हणतात, नीरु तुंबुव हब्ब. नव्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीशी, पडवीच्या टोकाला, चुलाणासाठी दोन हात जागा ठेवा. धूर बाहेर जाईल, हंडा डोळ्यांसमोर राहील आणि गीझरची वीज गेली की कामालाही येईल. आज संध्याकाळी ठेकेदाराचा कागद बाजूला ठेवून त्यांना एवढंच विचारा, ‘आई, चुलाण कुठल्या अंगाला करू या?’ त्या बोलायला लागतील. जुन्या न्हाणीतलं पाणी कुठल्या दिशेला वाहत जायचं, पावसात परड्यात कुठे तळं साचतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. न्हाणीची जागा ठरवताना ती माहिती तुम्हाला लागणारच आहे.

टाइल्सच्या रंगाचं विचारलंत. जमिनीला खरखरीत, मॅट टाइल घ्या, दुकानात तिच्यावर पाणी ओतून ओल्या तळव्याने घासून बघा. चकचकीत फक्त भिंतीला. लहान आकाराची घ्या, फूटभराची. सांधे जास्त असले की पाय धरतो आणि ढाळही नीट देता येतो. शहाबादी फरशी सासूबाईंच्या पायाखालची आहे, ती खडबडीत टाकीची मिळाली तर तीही उत्तम. रंग मात्र जमिनीचा आणि भिंतीचा एकच नको. म्हाताऱ्या डोळ्यांना पांढऱ्या भिंतीत पांढरी जमीन आणि त्यात पांढरा कमोड वेगळा दिसत नाही, बसायचा अंदाज चुकतो. जमीन गडद, विटकरी किंवा राखाडी. भिंत फिकट पिवळी. धरायचे दांडे भिंतीवर उठून दिसतील असे, निळे चालतील. दुकानात जाताना सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि टाइल उन्हात नव्हे, सावलीत धरून त्यांना दाखवा.